फ्लॅशची मान वळते का? पहिला फ्लॅश घेताना

माझा पहिला फ्लॅश दिसायला देखणा होता. मुठीत मावेल एवढा, वजनाला हलका, आणि डोकं वर उचलता यायचं. ते छताकडे करून फ्लॅश मारला की खोलीभर मऊ उजेड पसरायचा आणि मी खूश व्हायचो. मग एकदा कॅमेरा उभा धरून मित्राचा पोर्ट्रेट काढायला गेलो. कॅमेरा उभा केला तसा फ्लॅश आडवा झाला, आणि मघापर्यंत छताकडे बघणारं त्याचं डोकं बाजूच्या भिंतीकडे बघायला लागलं. भिंत लांब, त्यात गडद रंगाची. डोकं फिरवून परत छताकडे करावं म्हटलं, तर ते फिरेचना. वर आणि खाली, बस्स, एवढंच त्याला ठाऊक. थोडा जोर लावला तेव्हा आतून 'कट्' असा आवाज आला आणि मी मुकाट्याने हात काढून घेतला.

तो घेताना मी एकच प्रश्न विचारला होता, "उजेड किती लांब जातो?" मान वळते का, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. पहिला फ्लॅश शोधणारे बहुतेक जण हीच चूक करतात. ताकदीचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, मानेचा उल्लेख कुठेतरी कोपऱ्यात असतो. आता कुणी विचारलं तर मी खालच्या क्रमाने जायला सांगतो.

१. आधी फ्लॅश हवाय का ते बघा

फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने मरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, तिप्पट झालं की एक नवमांश. त्यामुळे मागच्या रांगेत बसून रंगमंचाचे फोटो काढायचे असतील तर कुठलाही फ्लॅश उपयोगाचा नाही, तो फक्त पुढच्या लोकांची डोकी उजळवेल. निसर्गचित्रं, चंद्र, रात्रीचे रस्ते यांनाही नको. टेबलावरची न हलणारी वस्तू असेल तर ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड पुष्कळ झाला.

खोलीतली माणसं, एका जागी न थांबणारी मुलं, दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत पडणारी काळी सावली, जवळून टिपलेले किडे आणि फुलं ही मात्र फ्लॅशची कामं. कॅमेऱ्यात अंगचाच फ्लॅश असेल तर तो लेन्सच्या अगदी जवळ असतो, म्हणून डोळे लाल येतात आणि चेहरा चपटा दिसतो. शिवाय तो एकाच दिशेला तोंड करून बसलेला.

"एलईडी पॅनल घेतला तर?" असंही विचारतात. व्हिडिओसाठी जरूर घ्या. फोटोत हालचाल गोठवायची असेल तर फ्लॅशच हवा. पूर्ण ताकदीवरही त्याचा झोत सेकंदाच्या शेकडोव्या हिश्शात संपतो, आणि ताकद अगदी कमी ठेवली तर १/१०,००० सेकंदाहूनही कमी वेळात. उडालेल्या पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा दिसतो तो त्यामुळे.

२. कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा शू नीट बघा

दुकानात जाण्याआधी कॅमेरा हातात घ्या. वर जी धातूची खाच असते तो हॉट शू. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर मागे सरकवून काढा. मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू दिसेल. फ्लॅशला "आता उड" असा इशारा तिथून मिळतो. आजूबाजूचे छोटे बिंदू हे त्या त्या कंपनीच्या बोलीतले. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) किती, अॅपर्चर (लेन्सचं भोक) किती, लेन्स किती मिलिमीटरवर आहे ही सगळी माहिती त्यांच्यातून जाते. कॅननच्या बिंदूंची मांडणी निकॉनला लागू पडत नाही, निकॉनची फुजीला पडत नाही. म्हणून फ्लॅश आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेला हवा. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकचे मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरे तेवढे एकमेकांचे फ्लॅश ओळखतात.

फ्लॅश कॅमेऱ्याच्याच कंपनीचा घ्यायला हवा असं नाही. गोडॉक्स, योंगनुओ यांसारख्या कंपन्या एकच मॉडेल वेगवेगळ्या कॅमेऱ्यांसाठी काढतात. गोडॉक्सच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी, ओ ऑलिम्पस-पॅनासॉनिक. खोका सारखा, फोटो सारखा, फरक त्या एका अक्षराचा. ऑनलाइन मागवताना ते अक्षर दोनदा वाचा.

तीन ठिकाणी नवशिके हमखास अडकतात. पहिलं, कॅननच्या २५०डी (काही देशांत २००डी मार्क टू) या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधला मोठा बिंदूच नाही. केवळ त्या एका बिंदूवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश त्यावर बसतात, पण उडत नाहीत. दुसरं, कॅननच्या आर५०सारख्या काही नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांना नव्या पद्धतीचा शू आहे आणि जुन्या धर्तीच्या फ्लॅशसाठी मध्ये एडी-ई१ नावाचा अडॅप्टर लागतो. तिसरं, सोनीच्या जुन्या अल्फा कॅमेऱ्यांचा शू मिनोल्टाकडून आलेला, आकारानेच वेगळा. २०१२ पासून सोनीने तो बदलला. जुना सोनी फ्लॅश कुणी हौसेने देऊ केला तर आधी त्याचा पाय बघा.

आणि वजन. मोठा फ्लॅश चार सेलांसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर तो बसवला की सगळं डोकंजड होतं आणि मनगट तासाभरात कुरकुरायला लागतं. नाजूक कॅमेरा असेल तर मध्यम आकाराचा फ्लॅश शोधा, पण मानेची अट सोडू नका.

३. मान

फ्लॅशच्या डोक्याला दोन हालचाली हव्यात. एक वर-खाली, सरळपासून ९० अंशांपर्यंत. दुसरी डावी-उजवी, दोन्ही बाजूंना १८० अंश असेल तर उत्तम. काही फ्लॅश एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला ९० किंवा १२० अंशच वळतात. तेही चालतं, फक्त सवय करावी लागते. वळतच नाही असा फ्लॅश मात्र घेऊ नका, मग त्याची ताकद कितीही असो.

एवढा हट्ट का, तर उजेड मऊ पडेल की टणक, हे उजेड कुठून येतो आणि किती मोठ्या जागेतून येतो यावर ठरतं. फ्लॅशची काच जेमतेम काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. समोरून थेट मारला तर एवढ्याशा चौकोनातून आलेला उजेड कपाळावर चकाकतो, नाकाची कडक सावली पाडतो आणि मागच्या भिंतीवर माणसाची काळी आकृती चिकटवतो. तोच फ्लॅश छताकडे वळवला की छताचा मीटर-दीड मीटरचा पट्टा उजळतो, आणि आता उजेड त्या पट्ट्यातून येतो. काडेपेटीची खिडकी झाली. याला बाऊन्स म्हणतात.

छत हा सगळ्यात सोपा बाऊन्स, पण सर्वांत चांगला नाही. डोकं अगदी सरळ वर केलं की उजेड फक्त वरून पडतो आणि डोळ्यांखाली सावल्या राहतात. मला स्वतःला आवडते ती जागा म्हणजे माझ्या डाव्या किंवा उजव्या खांद्यामागची भिंत. डोकं मागे वळवायचं, थोडं वर उचलायचं, आणि मारायचा. उजेड भिंतीवर आपटून बाजूने येतो, एक गाल उजळ, दुसरा जरा सावलीत, चेहऱ्याला घडण येते. समोरच्याला वाटतं फ्लॅश चुकून उलटा लागलाय. पहिल्या दोन-तीन वेळा लोक तसं बोलूनही दाखवतात.

भिंतीचा रंग उजेडाला लागतो. क्रीम रंगाची भिंत चेहऱ्याला ऊब देते, हिरवी भिंत माणसाला आजारी करते. छत खूप उंच किंवा काळं असेल तर बाऊन्स विसरा.

दुकानात मान तपासायची रीत अशी. फ्लॅश हातात घ्या, डोकं ४५, ६०, ७५, ९० अंशांवर थांबवत न्या. प्रत्येक ठिकाणी बोटांना 'टिक्' जाणवली पाहिजे. आता फ्लॅश आडवा धरून हलकेच हलवा. डोकं आपोआप खाली लोंबलं तर बिजागरी सैल आहे. काही मॉडेलांत वळवण्याआधी एक बटण दाबावं लागतं. बटण कुठे आहे ते आधी शोधा, नाहीतर माझ्यासारखा 'कट्' आवाज ऐकाल. डोक्याच्या वरच्या कडेला एक पांढरी पट्टी आणि एक पारदर्शक पातं बाहेर ओढता येतं का तेही बघा. छतावर बाऊन्स करताना ती पांढरी पट्टी थोडा उजेड समोर फेकते आणि डोळ्यांत चमक आणते. पारदर्शक पातं वाइड लेन्ससाठी उजेड पसरवतं.

४. टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएल म्हणजे लेन्समधून मोजणं. शटर दाबलं की फ्लॅश आधी एक बारीकसा चाचणीचा झोत सोडतो, कॅमेरा तो लेन्समधून मोजतो, किती ताकद हवी ते ठरवतो आणि मग खरा झोत पडतो. हे इतक्या झटपट होतं की डोळ्याला एकच झोत दिसतो. कॅनन याला ई-टीटीएल म्हणतं, निकॉन आय-टीटीएल. मॅन्युअलमध्ये ताकद तुम्ही ठरवता: पूर्ण, १/२, १/४, १/८ असं करत १/१२८ पर्यंत.

यावर लोक भांडतात. "मॅन्युअल शिकलं की सगळं कळतं" असं म्हणणारा एक गट असतो, आणि तो खोटं बोलत नाही. मॅन्युअल फ्लॅश स्वस्त असतो, साधा असतो, आणि कॅमेऱ्याची कंपनी बदलली तरी मधल्या बिंदूवर चालत राहतो. एका जागी बसलेलं माणूस किंवा टेबलावरची वस्तू यांच्यासाठी तो आदर्श आहे, कारण अंतर बदलत नाही. एकदा ताकद जमली की शंभर फोटो सारखे येतात.

पण खोलीभर फिरणाऱ्या माणसांमागे तुम्ही फिरणार असाल, आता दोन मीटर, मग चार, मग एक, तर प्रत्येक वेळी ताकद फिरवत बसण्यात क्षण निघून जातो. नवशिक्याला तर नक्कीच. म्हणून माझं मत असं: माणसांचे फोटो काढायचे असतील तर टीटीएल असलेलाच घ्या. बहुतेक टीटीएल फ्लॅशमध्ये मॅन्युअल मोड असतो, तेव्हा शिकायचा मार्ग बंद होत नाही. उलट दिशेने मात्र वाट नाही.

टीटीएल फसतं कधी, तेही माहीत असू द्या. चौकटीत पांढरा कपडा जास्त असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो ताकद कमी करतो. चेहरा काळवंडतो. काळ्या कोटाच्या बाबतीत उलटं, चेहरा भाजून निघतो. त्यासाठी फ्लॅश कॉम्पेन्सेशन असतं, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद आपण थोडी कमी-जास्त करणं. पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक, तिथून सुरुवात करा. हे बटण फ्लॅशवर सरळ हाताशी आहे की तीन मेनूंच्या तळाशी, हे विकत घेण्याआधी बघायच्या गोष्टींपैकी आहे.

५. ताकद, म्हणजे गाईड नंबर

आता तो आकडा. गाईड नंबर म्हणजे अंतर गुणिले अॅपर्चर, आयएसओ १०० वर, पूर्ण ताकदीवर. नंबर ३६ असेल तर एफ ४ या अॅपर्चरवर थेट उजेड ९ मीटरपर्यंत पुरतो, एफ ८ वर साडेचार मीटर. आयएसओ चौपट केला की नंबर दुप्पट होतो.

कंपन्या हा आकडा नावातच घालतात. कॅनन ४३०ईएक्स म्हणजे ४३, ६००ईएक्स म्हणजे ६०. पण ६०० चा ६० हा डोकं २०० मिलिमीटरवर झूम केलेलं असताना, म्हणजे उजेड अरुंद झोतात आवळलेला असताना. निकॉन बऱ्याचदा आकडा ३५ मिलिमीटरवर देतं, म्हणून एसबी-९१० चा नंबर ३४ छापलेला. नुसतं ६० आणि ३४ वाचून निकॉन निम्म्या ताकदीचा समजणारे लोक मी पाहिलेत. दोन फ्लॅश ताडून बघायचे असतील तर दोघांचा आकडा सारख्याच झूमवरचा घ्या, शक्यतो ३५ मिलिमीटर. आणि आकडा मीटरमधला आहे की फुटांमधला तेही. फुटांतला आकडा मीटरच्या सव्वातीन पट दिसतो.

बाऊन्समध्ये किती लागतं, ते एकदा हाताने मांडून बघू. छत जमिनीपासून तीन मीटरवर, माणूस आपल्यापासून दोन मीटरवर. फ्लॅशपासून छत आणि छतापासून चेहरा असा प्रवास साडेतीन मीटरच्या जवळपास होतो. छत उजेड इकडेतिकडे उधळतं, त्यात दोनेक स्टॉप जातात असं धरा (एक स्टॉप जाणं म्हणजे उजेड निम्मा होणं). दोन स्टॉप गेले म्हणजे नंबर निम्मा, ३६ चा १८. १८ भागिले साडेतीन, साधारण एफ ५. म्हणजे आयएसओ १०० वर मोठा फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला तर एफ ५ मिळतं. आयएसओ ४०० केला तर एफ १०. मला एफ ५.६ पुरतं, म्हणून फ्लॅश एक तृतीयांश ताकदीवर आरामात काम करतो.

आता २० नंबरचा छोटा फ्लॅश त्याच खोलीत आणा. निम्मा म्हणजे १०, भागिले साडेतीन, २.९. आयएसओ ४०० वर एफ ५.८. जमलं की! पण दर फोटोला पूर्ण ताकद. पूर्ण ताकदीनंतर फ्लॅशला परत भरायला काही सेकंद लागतात, आणि ते सेकंद नेमके समोरचा हसतो तेव्हाचे असतात. मोठ्या नंबरचा खरा फायदा हा आहे, लांब पल्ल्याचा नाही.

तेव्हा ३५ मिलिमीटरवर तिशीच्या आसपास नंबर असेल तर पहिल्या फ्लॅशला भरपूर झाला. त्याच्या वरच्या दोन-चार आकड्यांसाठी ओढाताण करू नका.

६. हाय स्पीड सिंक

बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर दोन पडद्यांचं असतं. १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि फ्लॅश त्या क्षणी उडतो. त्याहून वेगात दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो, सेन्सरवरून नुसती फट सरकते. साध्या फ्लॅशने १/५०० वर फोटो काढला तर चौकटीचा एक पट्टा काळा येतो. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकाच मोठ्या झोताऐवजी फट सरकेपर्यंत बारीक बारीक झोतांची माळ लावतो. किंमत ताकदीत मोजावी लागते, आणि ती चांगलीच मोजावी लागते.

भर उन्हात आयएसओ १०० वर १/२०० सेकंदाला साधारण एफ ११ लागतं. पार्श्वभूमी धूसर करायला एफ २.८ हवं असेल तर शटर चार स्टॉप वर, म्हणजे १/३२०० वर न्यावं लागतं. तिथे हाय स्पीड सिंक नसेल तर फ्लॅश बाद. बाहेर उन्हात पोर्ट्रेट काढायचे असतील तर ही सोय घ्या. फक्त घरातलं काम असेल तर तिच्यावाचून अडत नाही.

७. सेल की लिथियम बॅटरी

बरेच फ्लॅश चार डबल-ए सेलांवर चालतात. त्यांत रिमोटमध्ये घालतो ते साधे अल्कलाइन सेल घालू नका. १.५ व्होल्टचे असूनही ते फ्लॅशला हवा तेवढा करंट झटकन देऊ शकत नाहीत. १.२ व्होल्टचे चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल देतात. पडून राहिले तरी हळू उतरणारे, २००० एमएएच आसपासचे घ्या. चार सेलांच्या एका संचावर मार्करने 'अ' लिहा, दुसऱ्यावर 'ब'. संच फोडायचा नाही, 'अ' मधला एक आणि 'ब' मधले तीन असं तर मुळीच नाही. सगळ्यात कमकुवत सेल बाकीच्या तिघांना मागे खेचतो.

दिसायला अगदी डबल-एसारखे, पण ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. चुकूनही घालू नका. चार मिळून साडेचौदा व्होल्टच्या वर जातात आणि फ्लॅश जळतो.

स्वतःची लिथियम बॅटरी असलेले फ्लॅश जास्त चालतात आणि पटकन भरतात. गोडॉक्स व्ही८६० मार्क टू पूर्ण ताकदीचे साधारण ६५० झोत देतो आणि दीड सेकंदात तयार होतो, असं कंपनी सांगते. सेलवर चालणाऱ्या त्याच्या भावंडाला, टीटी६८५ला, २३० झोत आणि जास्तीत जास्त २.६ सेकंद. फरक हाताला लगेच कळतो. तोटा एवढाच की बॅटरी त्या मॉडेलपुरती असते आणि काही वर्षांनी ती मिळेनाशी झाली तर फ्लॅश नुसता शोभेचा उरतो. महिन्यातून एकदा वापर असेल तर सेलवाला घ्या, दर आठवड्याला कुणाचं तरी काम करणार असाल तर लिथियम.

एक जुनं दुखणं: मी एकदा अल्कलाइन सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात टाकला आणि पावसाळा उलटल्यावर काढला. झाकण उघडलं तर पत्र्यांवर पांढरी बुरशी आणि हिरवा गंज. काम झालं की सेल बाहेर.

८. आत रेडिओ असू द्या

आज तुम्ही फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावणार, मान्य. पण सहा महिन्यांनी तो कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला स्टँडवर ठेवावासा वाटणारच. आत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ असेल तर तेव्हा फक्त एक ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून इशारा पाठवणारं यंत्र, घ्यावा लागतो. रेडिओ नसेल तर ट्रिगर आणि तो इशारा झेलणारा रिसीव्हर दोन्ही, आणि रिसीव्हरला वेगळे सेल. त्याच कंपनीचे पुढचे फ्लॅशही त्याच रेडिओवर बोलतात, म्हणून पहिला फ्लॅश घेताना तुम्ही खरं तर एक घराणं निवडता.

दुसऱ्या फ्लॅशच्या नुसत्या उजेडाने उडणारा स्लेव्ह मोडही असतो. खोलीत तो बरा, उन्हात भरवशाचा नाही. त्यात एस१ आणि एस२ असे दोन प्रकार दिसतील. दुसऱ्या फ्लॅशचा टीटीएल चालू असेल तर एस२ लावा, तो चाचणीच्या झोताकडे दुर्लक्ष करतो.

सॉफ्टबॉक्स, प्लॅस्टिकचे घुमट, जाळ्या यांतलं काहीही पहिल्या दिवशी घेऊ नका. तो घुमट लावून मोकळ्या मैदानात फिरणारे दिसतात. जवळ भिंत नसताना तो फक्त सेल खातो.

९. वापरलेला घेत असाल तर

वाईट कल्पना नाही, फ्लॅशमध्ये झिजणारे भाग कमी. पण सेलचा डबा उघडून गंज बघा. पुढच्या काचेच्या आतली नळी टोकांना काळी पडलीय का बघा. पूर्ण ताकदीवर दहा वेळा उडवा, मध्ये तयार होऊ देत. दहाही फोटो सारखे उजळ यायला हवेत. पाय शूमध्ये बसवून डुगडुगतो का पाहा. झूम बदलला की आत मोटरचा बारीक गुरगुराट ऐकू आला पाहिजे.

कुणाच्या माळ्यावरचा फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश फुकट मिळाला तर तो कॅमेऱ्यावर लावायची घाई नको. त्यांतल्या काहींच्या मधल्या बिंदूवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जाऊ शकतं. मल्टिमीटरने मोजून घ्या, नाहीतर दूर ठेवा. आणि कुठलाही फ्लॅश स्वतः उघडू नका. सेल काढल्यावरही आतला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्ट धरून बसलेला असू शकतो, आणि त्याचा झटका चेष्टेचा नाही.

१०. पहिली संध्याकाळ

फ्लॅश घरी आला. खोका आणि बिल फेकू नका. दुकान परत घेण्याची मुदत देत असेल तर तेवढ्या दिवसांत पुढचं सगळं उरका.

आधी कॅमेऱ्यात सायलेंट शटर बंद आहे ना ते बघा. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्लॅश उडतच नाही. मी याच कारणाने नवाकोरा फ्लॅश बिघडलेला समजून परत करायला निघालो होतो. पाय शूमध्ये शेवटपर्यंत सरकवून कुलूप फिरवलंय का तेही पाहा, अर्धवट बसलेला फ्लॅश कधी उडतो, कधी रुसतो.

मग कुणाला तरी दोन मीटरवर बसवा, पाठीमागे थोडी जागा ठेवून. कॅमेरा मॅन्युअलवर, १/१६० सेकंद, एफ ५.६, आयएसओ ४००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. नाही आला तर खोलीतले दिवे कमी करा. आता फ्लॅश टीटीएलवर चालू करा आणि चार फोटो काढा: डोकं सरळ समोर, डोकं छताकडे, डोकं खांद्यामागच्या भिंतीकडे, आणि शेवटी कॅमेरा उभा धरून, डोकं फिरवून पुन्हा छताकडे. चारही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा आणि फक्त नाकाची सावली बघा. कुठे आहे, कड किती धारदार आहे, चौथ्या फोटोत ती दुसऱ्यासारखीच पडलीय का. चौथ्यासाठी डोकं छतापर्यंत वळलंच नाही, तर खोका अजून जवळच आहे.